‘सेन्शर’, ‘रेप्रिमांड’, ‘स्लॅम’: सगळ्यांचेच ‘फटकारले’ कसे होईल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी बातम्या मराठीत उतरवताना एका गोष्टीकडे जवळपास सगळ्याच दैनिकांचे दुर्लक्ष होते आहे, म्हणून हे पत्र. कुणी कुणाला सुनावले, दटावले, कुणावर कोरडे ओढले अशा बातम्या रोज पानोपानी असतात. इंग्रजीत त्यासाठी डझनावारी शब्द आहेत. मराठीत येईपर्यंत त्या सगळ्यांचे ‘फटकारले’, ‘झापले’ आणि ‘ताशेरे ओढले’ एवढेच उरते. मराठीत शब्दांची वानवा नाही. दटावणे, दरडावणे, खडसावणे, फैलावर घेणे, धारेवर धरणे, खरडपट्टी काढणे, वाभाडे काढणे, पाणउतारा करणे, कान टोचणे, तोंडसुख घेणे, यातला प्रत्येक शब्द वेगळा प्रसंग दाखवतो. अडचण अशी की इंग्रजीतले काही शब्द ही शिक्षेची नावे आहेत, काही रागाची मात्रा सांगतात आणि काही केवळ मथळ्यात मावतात म्हणून आलेले असतात. शब्द यातल्या कोणत्या जातीचा आहे हे न पाहता भाषांतर केले की बातमीतली वस्तुस्थितीच बदलते.

सुरुवात वृत्तपत्रांना थेट लागू असलेल्या कायद्यापासून करतो. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १४ मध्ये वृत्तपत्र, वृत्तसंस्था, संपादक किंवा पत्रकार यांच्याविरुद्ध परिषदेला काय करता येते ते सांगितले आहे. संबंधितांना बाजू मांडण्याची संधी द्यायची, चौकशी करायची आणि कारणे लेखी नोंदवून त्यांना ‘वॉर्न’, ‘अ‍ॅडमॉनिश’ किंवा ‘सेन्शर’ करायचे. संपादक किंवा पत्रकाराच्या वर्तनाबद्दल नापसंतीही नोंदवता येते. कायदा करणाऱ्यांनी तीन क्रियापदे एकापुढे एक मांडली ती तिघांचा अर्थ सारखा म्हणून नव्हे. पहिल्यात पुढच्यासाठी इशारा आहे, दुसऱ्यात झालेल्या चुकीची जाणीव करून देणे आहे आणि तिसऱ्यात दोष अधिकृतपणे माथी मारणे आहे. मराठीत अनुक्रमे ताकीद, समज आणि ठपका हे शब्द हाताशी आहेत. तरीही परिषदेचा निर्णय आला की मराठी बातमीत ‘प्रेस कौन्सिलने वृत्तपत्राला फटकारले’ असे छापले जाते आणि नेमकी कोणती कारवाई झाली ते वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. परिषदेला दंड करण्याचा अधिकारच नाही, तिच्या हाती आहेत ते हे शब्दच. मग त्यांचा तरी नेमकेपणा जपायला हवा.

सरकारी नोकरीत हा फरक माणसाच्या पोटाशी येतो. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम ५ खाली किरकोळ शिक्षांची यादी आहे आणि त्यात पहिलीच शिक्षा ‘सेन्शर’, म्हणजे ठपका ठेवणे, ही आहे. केंद्राच्या १९६५ च्या नियमांतही नियम ११ मध्ये तीच अग्रस्थानी आहे. ‘किरकोळ’ हे नुसते वर्गाचे नाव. ही शिक्षा देण्याआधी कर्मचाऱ्याला आरोप लेखी कळवावे लागतात, त्याचे म्हणणे मागवावे लागते, मग आदेश निघतो, तो नोंदीवर राहतो आणि बढतीच्या वेळी त्याचा विचार होतो. त्याविरुद्ध अपीलही करता येते. याउलट साहेबांनी बोलावून ताकीद दिली किंवा ज्ञापन काढले तर ते शिक्षांच्या यादीत कुठेच नाही. कारणे दाखवा नोटीस ही तर शिक्षा सोडाच, निष्कर्षही नसते, तो एक प्रश्न असतो. आता इंग्रजी बातमीत ‘ऑफिसर सेन्शर्ड’ असेल आणि मराठीत ‘अधिकाऱ्याची कानउघाडणी’ आली तर शिक्षा झाल्याचे दडते. इंग्रजीत ‘ऑफिसर पुल्ड अप’, म्हणजे अधिकाऱ्याला नुसता जाब विचारला, असे असेल आणि मराठीत ‘अधिकाऱ्यावर ठपका’ आला तर न झालेली शिक्षा त्या माणसाच्या नावावर छापली जाते. दुसरी चूक जास्त वाईट, कारण अशा बातमीचे कात्रण कार्यालयात, सोसायटीत आणि नात्यागोत्यात वर्षानुवर्षे फिरते.

इथे एक अडचण मात्र मान्य करायला हवी. मराठीत ‘ठपका’ हा शब्द चौकशी समितीच्या अहवालांबद्दलही वापरला जातो: ‘दुर्घटनेबद्दल समितीने अभियंत्यांवर ठपका ठेवला’. तिथे इंग्रजीत बहुधा ‘इन्डाइट’ किंवा ‘ब्लेम’ असते आणि अर्थ ‘जबाबदार धरले’ एवढाच असतो. सेवा नियमांतली शिक्षा आणि समितीचा निष्कर्ष यांत गोंधळ नको असेल तर समितीच्या बाबतीत सरळ ‘जबाबदार धरले’ लिहावे आणि ठपका हा शब्द शिक्षेसाठी राखून ठेवावा.

‘सेन्शर’चा दुसरा घोटाळा स्पेलिंगमुळे होतो. ‘सेन्सर’ आणि ‘सेन्शर’ हे दोन्ही शब्द लॅटिनमधून, एकाच घरातून आले. प्राचीन रोममध्ये सेन्सर नावाचा अधिकारी नागरिकांची व मालमत्तेची गणती करी आणि लोकांच्या वर्तनावरही नजर ठेवी. पुढे एका शब्दाकडे काटछाट आली, दुसऱ्याकडे दोषारोप. मराठीत ‘सेन्सॉर’ पूर्ण रुळलेला असल्यामुळे घाईत ‘सेनेटरला सेन्सॉर केले’ असे वाक्य तयार होते आणि त्याचे भाषण दाबले गेले असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात त्याच्या निषेधाचा ठराव झालेला असतो.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातली पद्धत पाहिली की या शब्दांत किती अंतर आहे ते दिसते. तिथे ‘सेन्शर’ झालेल्या सदस्याला सभागृहाच्या मधल्या मोकळ्या जागेत, अध्यक्षांच्या आसनासमोर उभे राहावे लागते आणि अध्यक्ष ठराव मोठ्याने वाचून दाखवतात. २ डिसेंबर २०१० रोजी न्यूयॉर्कचे चार्ल्स रँगेल यांच्या बाबतीत ३३३ विरुद्ध ७९ मतांनी असा ठराव झाला होता. त्याखालची पायरी ‘रेप्रिमांड’ची, म्हणजे अधिकृत कानउघाडणीची. ती ठरावाने होते, पण सदस्याला असे समोर उभे करत नाहीत. जानेवारी १९९७ मध्ये खुद्द अध्यक्ष न्यूट गिंग्रिच यांना ३९५ विरुद्ध २८ मतांनी ‘रेप्रिमांड’ केले गेले आणि ३ लाख डॉलर भरायला लावले. पायरी खालची, पण पैशांचा भुर्दंड सोबत. सिनेटने तर १८३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनाच ‘सेन्शर’ केले होते, आणि १८३७ मध्ये त्यांच्या समर्थकांनी बहुमत मिळवून ती नोंद इतिवृत्तातून रद्द करून घेतली. ज्या शब्दाची नोंद खोडण्यासाठी तीन वर्षे राजकारण झाले त्याचे भाषांतर ‘झापले’ होऊ शकत नाही.

आपल्या लोकसभेतही शब्दांचे वजन ठरलेले आहे. अविश्वास ठराव संपूर्ण मंत्रिमंडळावर असतो, तो मांडायला किमान ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो, कारणे द्यावी लागत नाहीत आणि तो संमत झाला तर सरकार जाते. निंदाव्यंजक ठराव, म्हणजे ‘सेन्शर मोशन’, एका मंत्र्यावरही आणता येतो, त्यात कारणे नमूद करावी लागतात आणि तो संमत झाला म्हणून राजीनामा द्यावाच लागतो असे नाही. हक्कभंगाच्या प्रकरणात सभागृहाला ‘अ‍ॅडमॉनिशन’ किंवा त्याहून जड ‘रेप्रिमांड’ देता येते, कारावासही देता येतो. याचे ठळक उदाहरण मुंबईचेच आहे. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानींवर छापलेल्या मजकुराबद्दल संपादक रूसी करंजिया यांना लोकसभेच्या दाराशी, ज्याला सभागृहाचा ‘बार’ म्हणतात तिथे, बोलावण्यात आले आणि २९ ऑगस्ट १९६१ रोजी अध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी त्यांना ‘रेप्रिमांड’ ऐकवला. ती सभागृहाने दिलेली शिक्षा होती. ‘अध्यक्षांनी संपादकाला खडसावले’ असे आज कुणी लिहिले तर तिचे स्वरूपच हरवते.

‘अ‍ॅडमॉनिश’ हा शब्द मराठीत सर्वाधिक हलका होतो. त्यातला उपदेशाचा भाग लक्षात घेऊन भाषांतरकार ‘समजावले’ लिहितात. पण गुन्हेगार परिवीक्षा कायदा, १९५८ चे कलम ३ पाहा. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाला, गुन्हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा असेल किंवा चोरी-फसवणुकीच्या ठरावीक कलमांखालचा असेल, तर न्यायालय ‘योग्य समज देऊन’ सोडू शकते. हा माणूस दोषी ठरलेला असतो. फक्त त्याला कैद वा दंड न देता समज दिलेली असते. बातमीत नुसते ‘न्यायालयाने समज देऊन सोडले’ आले की वाचक ते पोलीस ठाण्यात समज देऊन घरी पाठवण्यासारखे समजतो, म्हणजे गुन्हा सिद्धच झाला नाही असे. अशा ठिकाणी ‘दोषी ठरवून, समज देऊन सुटका’ हे पाचही शब्द लागतात. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १८ मध्येही मुलाला सल्ला किंवा समज देऊन घरी पाठवण्याची तरतूद आहे, तिथे मात्र मुलाचे व पालकांचे समुपदेशन सोबत असते. एकाच शब्दाला दोन कायद्यांत दोन सोबती आहेत, ते बातमीत यायला हवेत.

आता सर्वात मोठा विषय, न्यायालये. ‘न्यायालयाने सरकारला फटकारले’ या मथळ्यामागे दोन अगदी भिन्न गोष्टी असतात. एक, सुनावणीच्या वेळी न्यायमूर्ती तोंडी काही बोलले. दोन, आदेशात किंवा निकालपत्रात प्रतिकूल शेरे लिहिले. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘ओरल ऑब्झर्वेशन’ आणि दुसऱ्यासाठी ‘स्ट्रिक्चर्स’ किंवा ‘अ‍ॅडव्हर्स रिमार्क्स’ असे शब्द आहेत. मराठीतला ‘ताशेरे’ हा शब्द खरे तर दुसऱ्यासाठीच योग्य आहे, कारण ताशेरे ओढले जातात ते कागदावर.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते २०२१ मध्ये दिसले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २६ एप्रिलला, मद्रास उच्च न्यायालयात सुनावणीच्या वेळी निवडणूक आयोगावर खुनाचा गुन्हा दाखल करायला हवा अशा आशयाचे उद्गार निघाले आणि देशभर छापले गेले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने ६ मे २०२१ रोजी सांगितले की तोंडी उद्गार हे न्यायालयाच्या अधिकृत नोंदीचा भागच नाहीत, म्हणून ते वगळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. उद्गार कठोर होते, वापरलेली उपमा अनुचित होती, न्यायमूर्तींनी संयम ठेवायला हवा, हेही त्यांनी नोंदवले. आणि न्यायालयात काय बोलले गेले ते छापण्याचा माध्यमांचा हक्क मान्य केला. म्हणजे तोंडी उद्गार छापू नयेत असे कुणीच म्हटलेले नाही. ते तोंडी आहेत हे सांगून छापावेत, एवढेच. ‘सुनावणीदरम्यान सुनावले’ आणि ‘आदेशात ताशेरे’ हे दोन वाक्प्रचार ठरवून टाकले तरी गोंधळ मिटतो. सुनावणीत खरमरीत बोललेल्या न्यायमूर्तींनी त्याच पक्षाच्या बाजूने निकाल दिला असे अनेकदा होते, कारण प्रश्न विचारून, टोचून वकिलाचा युक्तिवाद तपासणे हा सुनावणीचा भागच आहे. सकाळी ‘फटकारले’ वाचलेल्या वाचकाला संध्याकाळचा निकाल मग कोलांटउडी वाटतो.

लेखी ताशेऱ्यांनाही मर्यादा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध महंमद नईम या प्रकरणात, मार्च १९६३ मध्ये, तीन कसोट्या सांगितल्या आणि त्या आजही उद्धृत होतात. ज्याच्यावर शेरे मारायचे तो न्यायालयासमोर आहे का किंवा त्याला खुलाशाची संधी मिळाली का, शेऱ्यांना आधार देणारा पुरावा नोंदीवर आहे का, आणि प्रकरणाचा निर्णय करण्यासाठी ते शेरे आवश्यक होते का. मूळ शेरे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. आनंद नारायण मुल्ला यांचे होते. पोलीस दलाइतका गुन्ह्यांचा इतिहास देशातल्या कोणत्याही बेकायदा टोळीचा नाही, अशा अर्थाचे. सर्वोच्च न्यायालयाने असे सरसकट शेरे समर्थनीय नाहीत असे ठरवून ते वगळले. न्या. मुल्ला उर्दूतले मोठे कवी होते आणि ते वाक्य साठ वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहे. ते वगळले गेले होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. ताशेरे पहिल्या पानावर आणि ते वगळल्याची बातमी आतल्या पानावर एका परिच्छेदात, ही पद्धत सोडायला हवी. ज्याच्यावर ताशेरे ओढले गेले तो बहुतेक वेळा न्यायालयात पक्षकारही नसतो. तपास करणारा एखादा फौजदार असतो किंवा खालच्या न्यायालयाचा न्यायाधीश असतो.

वकिलांच्या बाबतीतही असेच. अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिल वकिलाला ‘रेप्रिमांड’ करू शकते, ठरावीक काळ व्यवसाय करण्यास मनाई करू शकते किंवा सनदच काढून घेऊ शकते. सैन्यात ‘सिव्हिअर रेप्रिमांड’ आणि ‘रेप्रिमांड’ या सेना कायदा, १९५० च्या कलम ७१ मधल्या शिक्षा आहेत. त्याशिवाय ‘सिव्हिअर डिस्प्लेझर’ नावाची प्रशासकीय कारवाई आहे, आणि तिचे ‘तीव्र नाराजी’ असे भाषांतर वाचून कुणालाही वाटेल की साहेब जरा रुसले. ती नोंदीवर जाते तेव्हा अधिकाऱ्याची बढती अडू शकते. ‘तीव्र नापसंतीची अधिकृत नोंद’ असे लिहिले तर वाचकाला अंदाज येतो.

क्रीडा पानावर ‘रेप्रिमांड’ सर्वाधिक वेळा येतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या आचारसंहितेत पहिल्या स्तराच्या चुकीला किमान शिक्षा अधिकृत ‘रेप्रिमांड’ची आणि कमाल सामना मानधनाच्या ५० टक्के दंडाची आहे. सोबत एक किंवा दोन दोषगुण, म्हणजे ‘डिमेरिट पॉइंट’, येतात. सप्टेंबर २०१६ पासून ही दोषगुणांची पद्धत लागू आहे. २४ महिन्यांत चार दोषगुण साठले की त्यांचे रूपांतर बंदीत होते. तेव्हा ‘पंचांच्या निर्णयावर नाराजी, खेळाडूला समज’ एवढ्यावर बातमी संपवली तर अर्धी शिक्षा सांगायची राहते. दोषगुण किती आणि आधीचे किती, हे दोन आकडे त्याच वाक्यात हवेत.

परराष्ट्र विषयांच्या बातम्यांत तर शब्दावरूनच मते फिरतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणाबद्दल सुरक्षा परिषदेत जो मसुदा आला त्यात आधी असलेला ‘कन्डेम’ बदलून ‘डिप्लोर’ घालण्यात आला, जेणेकरून चीनने विरोधात मत देऊ नये. २५ तारखेला मसुद्याच्या बाजूने ११ मते पडली, रशियाने नकाराधिकार वापरला आणि चीन, भारत व संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले. २ मार्चला आमसभेने १४१ विरुद्ध ५ मतांनी, ३५ तटस्थ असताना, जो ठराव केला त्यातही क्रियापद ‘डिप्लोर’च होते, अत्यंत तीव्र शब्दांत असे विशेषण लावून. ‘कन्डेम’ला मराठीत ‘धिक्कार’, ‘डिप्लोर’ला ‘गंभीर खेद आणि नापसंती’, आणि एका देशाने दुसऱ्याच्या राजदूताला बोलावून दिलेल्या ‘प्रोटेस्ट’ला ‘निषेध नोंदवला’ असा भेद केला तर वाचकाला घासाघीस कशासाठी चालली होती ते कळेल. तिन्हींना ‘निषेध’ म्हटले तर मुत्सद्दी एका शब्दावर का अडून बसले होते हे त्याला कधीच समजणार नाही.

शिक्षेच्या शब्दांनंतर रागाच्या मात्रेचे शब्द. इथे कायदा नाही, कान लागतो. ‘चाइड’ सौम्य आहे, त्यात आपुलकीही असू शकते, मराठीत ‘लटके रागावणे’ ते ‘कानपिचक्या’. ‘स्कोल्ड’ प्रामुख्याने घरातला आणि शाळेतला, ‘रागावणे’, ‘ओरडणे’. प्रौढ माणसाबद्दल तो वापरला की लहान मुलासारखे वागवले असा वास येतो. ‘रिब्यूक’ छोटा, तीक्ष्ण आणि थेट असतो. एका वाक्यातही होतो, म्हणून ‘खडे बोल सुनावले’ किंवा ‘खडसावले’ चालते. ‘बिरेट’ आणि ‘अपब्रेड’ यांत लांबी आहे. माणूस उभा आहे आणि त्याला बोलणी बसताहेत, थांबतच नाहीत. तिथे ‘फैलावर घेतले’, ‘खरडपट्टी काढली’. ‘कॅस्टिगेट’च्या मुळाशी लॅटिनमध्ये शुद्ध करणे आहे, त्यात बोलणारा स्वतःला नैतिकदृष्ट्या वरचा समजतो. त्याला ‘कोरडे ओढले’ जवळचे आहे. ‘लॅम्बॅस्ट’ हे मारझोडीच्या दोन क्रियापदांचे जोडकाम, ‘झोड उठवली’ त्याला नेमके बसते. ‘एक्सकोरिएट’ म्हणजे शब्दशः कातडी सोलणे. तो शब्द बहुधा लेखी टीकेसाठी येतो आणि त्याला ‘वाभाडे काढले’ किंवा ‘सालटी काढली’ शोभते. ‘रिव्हाइल’ आणि ‘व्हिलिफाय’ यांत टीका संपून बदनामी सुरू झालेली असते. तिथे ‘टीका केली’ लिहिणे म्हणजे बोलणाऱ्याला सवलत देणे.

नामांमध्येही असेच. ‘टायरेड’ तोंडी आणि सुसाट, ‘डायट्राइब’ बोललेला किंवा लिहिलेला, कडवट आणि एकतर्फी, ‘हरँग’ लांबलचक आणि ऐकणाऱ्याची सुटका नसलेला. ‘फिलिपिक’, म्हणजे एखाद्याविरुद्धचे घणाघाती भाषण, या शब्दामागे अथेन्सचा डेमॉस्थेनीस आणि मॅसिडोनचा राजा दुसरा फिलिप आहेत. पुढे रोमचा वक्ता सिसेरो याने मार्क अँटनीविरुद्ध इ.स.पू. ४४-४३ मध्ये केलेल्या १४ भाषणांनाही तेच नाव मिळाले, आणि त्यासाठी त्याला जीव गमवावा लागला. ‘जेरेमायड’ बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्यावरून आला. त्यात राग कमी आणि समाज बुडत चालल्याचा विलाप जास्त असतो, म्हणून त्याला ‘हल्लाबोल’ म्हणणे पूर्ण चूक.

‘स्कोल्ड’बद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. इंग्लंडच्या कायद्यात ‘कॉमन स्कोल्ड’ नावाचा गुन्हा होता, तो स्त्रियांवरच लावला जाई आणि शिक्षा म्हणून खुर्चीला बांधून पाण्यात बुचकळत. कागदोपत्री हा गुन्हा रद्द झाला तो १९६७ मध्ये. आजही इंग्रजी मजकुरात पुरुष नेता ‘लॅम्बॅस्ट’ करतो आणि स्त्री नेता ‘नॅग’ करते, तिचा आवाज ‘श्रिल’, म्हणजे कर्कश, असतो. मराठीत ते ‘कटकट’, ‘त्रागा’, ‘आदळआपट’ होऊन येते. मूळ भाषण तेच असेल तर क्रियापदही तेच हवे. हे मराठी डेस्कवर दुरुस्त करणे शक्य आहे आणि ते केलेच पाहिजे.

राहिले मथळ्याचे शब्द. ‘रॅप’, ‘फ्ले’, ‘स्लॅम’, ‘ब्लास्ट’ हे ‘टीका केली’ याच अर्थाचे, इंग्रजीत तीन ते पाच अक्षरी शब्द अरुंद रकान्यात मोठ्या टायपात बसतात, म्हणून इंग्रजी उपसंपादकांना प्रिय. त्यांच्यावरून टीकेची तीव्रता मोजता येत नाही. ‘मिनिस्टर स्लॅम्स अपोझिशन’ची बातमी वाचावी तर आत ‘मंत्र्यांनी असहमती व्यक्त केली’ एवढेच असते. म्हणून मराठी मथळा इंग्रजी मथळ्यावरून करू नये, बातमीतल्या अवतरणावरून करावा.

या गटात काही सापळे आहेत. ‘ग्रिल’ म्हणजे झापणे नव्हे, प्रश्नांची सरबत्ती करणे. तपास यंत्रणेने नऊ तास ‘ग्रिल’ केले याचा अर्थ कसून चौकशी केली. ‘स्लेट’चा ब्रिटनमध्ये अर्थ सडकून टीका करणे, अमेरिकेत ‘स्लेटेड’ म्हणजे वेळ ठरलेला. त्यामुळे चित्रपट ‘स्लेट’ झाला म्हणजे समीक्षकांनी झोडपला की प्रदर्शनाची तारीख ठरली हे बातमी कुठल्या देशाची आहे ते पाहून ठरवावे. ‘टिक ऑफ’ ब्रिटनमध्ये दटावणे, अमेरिकेत ‘टिक्ड ऑफ’ म्हणजे वैतागलेला. ‘ड्रेसिंग डाउन’चा कपड्यांशी संबंध नाही, ती खरडपट्टी आहे, पण ‘ड्रेस-डाउन फ्रायडे’ म्हणजे खरोखरच साध्या कपड्यांचा शुक्रवार. ‘रीड द रायट अ‍ॅक्ट’ म्हणजे सज्जड दम देणे. १७१५ मध्ये अमलात आलेल्या ब्रिटिश कायद्यानुसार १२ किंवा अधिक लोकांच्या जमावापुढे दंडाधिकारी तो फर्मान वाचत आणि तासाभरात न पांगणाऱ्याला जबर शिक्षा असे. ‘प्रशिक्षकाने खेळाडूंना दंगल कायदा वाचून दाखवला’ असे भाषांतर करू नये.

आणि ‘फायर’. आपल्याकडे कार्यालयांत ‘साहेबांनी फायर केलं’ म्हणजे झापले. इंग्लंड-अमेरिकेत त्याचा अर्थ नोकरीवरून काढले. परदेशात नव्याने कामाला गेलेल्या मुलामुलींनी सहकाऱ्याला ‘मॅनेजरने मला फायर केले’ असे लिहिले तर समोरचा सांत्वन करू लागेल किंवा थेट मनुष्यबळ विभागाला विचारेल. तिथे ‘टोल्ड मी ऑफ’ म्हणावे.

सूचना साधी आहे. दमदाटीचे क्रियापद असलेली बातमी आली की उपसंपादकाने एवढे तपासावे: बोलणारा कोणत्या अधिकाराने बोलला, ते तोंडी होते की लेखी, आणि त्यातून काही परिणाम होतो का, म्हणजे दोषगुण, दंड, नोंद, अपिलाचा हक्क. परिणाम होत असेल तर शब्द ठरलेला असावा: वॉर्निंग म्हणजे ताकीद, अ‍ॅडमॉनिशन म्हणजे समज, रेप्रिमांड म्हणजे अधिकृत कानउघाडणी, सेन्शर म्हणजे ठपका, स्ट्रिक्चर्स म्हणजे ताशेरे. परिणाम नसेल तर ज्याने त्याने कानाला पटेल तो शब्द निवडावा, आणि प्रत्यक्ष उद्गारलेले वाक्य अवतरणात द्यावे. वृत्तसंस्थेच्या मजकुरात नुसते ‘स्लॅम्ड’ असेल आणि अवतरण नसेल तर ‘टीका केली’ एवढेच लिहून थांबावे. न्यायालयाच्या बातमीत आदेशाची प्रत संकेतस्थळावर येईपर्यंत ‘ताशेरे’ हा शब्द वापरू नये, ‘सुनावले’ पुरे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा